थीम पार्कच्या जुन्या टीव्ही जाहिराती: मजा वाटायची की भीती?

जुनाट_अँटेना

निरमा, लिरिल, बजाज यांच्यावर इथे दळण दळून झालंय, म्हणून जरा वेगळा विषय काढतोय. ॲम्युझमेंट पार्क, थीम पार्क, वॉटर पार्क यांच्या टीव्हीवरच्या जुन्या जाहिराती.

माझं मत असं की जुन्या जाहिरातींत ही जात सर्वांत विचित्र. साबणाची जुनी जाहिरात बघून हसू येतं, फार तर लाज वाटते. ह्या बघताना अंगावर काटा येतो आणि तो का आला हे पटकन सांगता येत नाही. ऊन पडलंय, पाळणे फिरतायत, सगळे हसतायत, तरी काहीतरी बिनसलेलं.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड. 1989 मध्ये पार्क सुरू झालं आणि मग ते गाणं घराघरात घुसलं. गाण्यातलं पोर ठासून सांगतं की मी आता इथेच राहणार, घरी काही जायचा नाही. लहानपणी आपण ते नाचत म्हणायचो. आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे, आणि तेच गाणं ऐकलं की पहिला विचार येतो, ह्या पोराचे आईबाप कुठायत?

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. सिक्स फ्लॅग्ज, तिथली थीम पार्कांची साखळी, 2004. टकलू, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, सूट-बो घातलेला एक म्हातारा जुनाट बसमधून जपून जपून उतरतो. समोर कामानं दमलेली मंडळी. आणि एकदम वेंगाबॉइजच्या गाण्यावर हा गृहस्थ झपाटल्यासारखा नाचायला लागतो. 'मिस्टर सिक्स' असं नाव होतं त्याचं. सुरकुत्या मेकअपच्या, आत तरुण नर्तक. अंग सगळं नाचतंय आणि चेहऱ्यावरचं हसू जागचं हलत नाही!

तर प्रश्न: ह्या जाहिराती तेव्हाही भीतिदायक होत्या, की आपण म्हातारे झालो? आणि तुम्हाला कुठली आठवते?

भोचक_भवानी

गाणं आता दिवसभर डोक्यात वाजणार. भलं होणार नाही तुझं.

मुक्काम_बोरिवली

ह्या जाहिरातीचा सर्वाधिक त्रास कुणी काढला असेल तर बोरिवलीतल्या आईबापांनी. दादर-परळच्या बापांना "फार लांब आहे रे" म्हणून सुटता यायचं. आमच्या बाबांना ती सोय नव्हती. गोराईची जेट्टी रिक्षाच्या अंतरावर. मग त्यांनी "खाडीला भरती आहे" हे कारण शोधून काढलं. ते बरीच वर्षं चाललं. कोकणातला माणूस असून भरती दिवसातून दोनदा येते आणि जाते हे त्यांनी आमच्यापासून लपवून ठेवलं.

शाळेच्या सहलीतून शेवटी गेलोच. हूला लूप, झिपर डिपर, ॲक्वा डाइव्ह, आणि ते भुताचं घर, मॉन्स्टर्स इन द मिस्ट. गंमत अशी की भुताच्या घरात मी घाबरलो नाही. पुढच्या मुलाचा शर्ट धरून चाललो आणि बाहेर आलो. जाहिरातीची मात्र भीती वाटायची, कारण मला खरंच वाटायचं की तिथे गेलेली काही मुलं परत येत नसावीत. सहलीला निघताना आईला विचारलं होतं, "संध्याकाळी सोडतात ना?"

जाता जाता. 2009 मध्ये शेजारी विपश्यना पॅगोडा सुरू झाला. त्याची जमीनही एस्सेलवाल्यांनीच दिलेली. मग काही वर्षं असं होतं की एकाच फेरीबोटीतली अर्धी माणसं किंचाळायला चाललेली आणि अर्धी मौन पाळायला. चेहऱ्यावरून कोण कुठला ते बरोबर ओळखू यायचं. 2022 मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झालं.

टिवल्याबावल्या

>> "संध्याकाळी सोडतात ना?"

फुटलो 😂 हे शाळेबद्दल विचारायला हवं होतं.

चष्मिष

मला हा सगळा प्रकार ओढूनताणून वाटतोय. लहान मुलाला जत्रेतून घरी जायचं नसतं. यात भीतिदायक काय? आमच्या गावच्या यात्रेत पाळण्यापाशी भोकाड पसरून बसलेली पोरं दरवर्षी दिसायची, त्यांना उचलून बैलगाडीत टाकावं लागायचं. जाहिरात करणाऱ्यानं तेच पाहिलं आणि गाणं केलं. नेमकं पाहिलं म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं.

हल्ली प्रत्येक जुन्या गोष्टीखाली काळं संगीत लावून "बघा किती भयानक" म्हणायची फॅशन आलीय. त्या नादाला लागू नका.

जुनाट_अँटेना

@चष्मिष, मी काळं संगीत लावलं नाही. मूळ गाणंच पुरे आहे.

नॉर्थजर्सीकर

चष्मिष यांना आमच्याकडची एक जाहिरात दाखवायला हवी.

मी 80 च्या दशकात शाळकरी वयात इकडे आलो. न्यूयॉर्कच्या चॅनलांवर उन्हाळा लागला की ॲक्शन पार्कच्या जाहिरातींचा रतीब सुरू. न्यू जर्सीतल्या व्हर्नन नावाच्या गावात, स्कीइंगच्या डोंगरावर, 1978 ते 1996 चाललेलं पार्क. जाहिरातीत काय, तर उघडे हात-पाय घेऊन पोरं काँक्रीट आणि फायबरग्लासच्या घसरगुंडीवरून छोट्या गाडीत बसून सुसाट खाली येतायत, कड्यावरून पाण्यात उड्या मारतायत, दोरीला लोंबकळून तलावात पडतायत, आणि वर उत्साहानं फसफसणारं गाणं. विक्रीचा मुद्दा असा की इथे वेग तुम्ही ठरवायचा, सूत्रं तुमच्या हातात.

ते शब्दशः खरं होतं, हीच अडचण. त्या डोंगरावरच्या घसरगुंडीत ब्रेकचा दांडा बसणाऱ्याच्या हातात. काहींचे ब्रेक लागायचे नाहीत, काहींचे सुटायचे नाहीत. 1980 मध्ये तिथेच काम करणारा एक तरुण गाडीवरून फेकला जाऊन गेला. 1982 मध्ये लाटांच्या तलावात एक मुलगा बुडाला, आणि त्याच उन्हाळ्यात आठवड्याभरात कायाकच्या राइडपाशी विजेच्या धक्क्यानं आणखी एक. एकूण किमान 6 मृत्यू. लोक त्याला 'ट्रॅक्शन पार्क' म्हणायचे, म्हणजे पाय टांगून ठेवतात ते ट्रॅक्शन. लाटांच्या तलावाचं नावही लोकांनी 'ग्रेव्ह पूल' करून टाकलं होतं.

आणि कळस म्हणजे 1985 ची कॅननबॉल लूप. पाण्याची बंद नळी, शेवटाला उभा पूर्ण वेटोळा. म्हणजे माणसानं नळीतल्या नळीत उलटं होऊन वर जायचं आणि परत खाली यायचं. महिनाभर चालली, मग बंद करायला लावली.

आता ती जाहिरात पुन्हा लावा. तीच हसणारी पोरं, तेच गाणं. एक फ्रेमही बदललेली नाही. बदललंय ते आपल्याला काय माहीत आहे तेवढंच.

माझे वडील इंजिनिअर. जाहिरातीतली ती घसरगुंडी एकदा बघून म्हणाले, "वळणाला कठडा कुठाय?" त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघाला नाही. वर्गातली सगळी मुलं जाऊन आली होती आणि सोललेली कोपरं मेडलसारखी मिरवत होती. मला वडिलांचा किती राग आला होता म्हणून सांगू.

भोचक_भवानी

"वळणाला कठडा कुठाय" हे आमच्या तीर्थरूपांनी माझ्या लग्नाच्या वेळी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

टिवल्याबावल्या

@भवानी, धागा लग्नावर न्यायचा नाही. मागच्या आठवड्यात वरणफळांचा धागा तू असाच नेलास.

केबलवाले_काका

मंडळी, या भीतीतला निम्मा वाटा कॅसेटचा आहे. अनुभवाचे बोल. 91 च्या आखाती युद्धानंतर डोंबिवलीत आमचं केबल होतं. रात्री व्हिडिओ चॅनलवर सिनेमा लावायचा आणि मध्ये मध्ये स्थानिक जाहिराती. फर्निचरवाला, क्लासेस, आणि मे महिना आला की कुठलं तरी वॉटर पार्क.

तर व्हीएचएस कॅसेटमध्ये काळं-पांढरं चित्र बऱ्यापैकी उतरतं, पण रंगाला जागा फारच थोडी. रंग वेगळा काढून, दाबून खालच्या पट्टीत भरलेला असतो. म्हणून कडा पाझरतात, त्यातही लाल रंग सर्वांत वाईट. मास्टर असायची यू-मॅटिक या व्यावसायिक कॅसेटवर, तिच्यावरून व्हीएचएस, त्यावरून दुसरी व्हीएचएस, ती आमच्याकडे. प्रत्येक नकलेत लाल आणखी पसरायचा. आमच्यापर्यंत येईतो मुलांचे ओठ गालापर्यंत गेलेले असायचे.

आवाजाचं तेच. पट्टा किंचित ताणला गेला की सूर लहरायला लागतो. गाणं आनंदाचंच असतं, पण मध्येच स्वर पाव पट्टी खाली जातो आणि परत वर येतो. कानाला कळत नाही, पोटाला कळतं. आज यूट्यूबवर जे बघता ते कुणीतरी घरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं, वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेलं. मूळ जाहिरात स्टुडिओत बघितली असती तर लख्ख दिसली असती.

चष्मिष

काका, धन्यवाद. म्हणजे भूत जाहिरातीत नाही, कॅसेटीत आहे. धागा संपला.

जुनाट_अँटेना

संपत नाही. मिस्टर सिक्स 2004 चा आहे. त्याची स्वच्छ प्रत मिळते, आणि स्वच्छ प्रतीत तो जास्त भयानक दिसतो.

सांजवात

मी थीम पार्कच्या बाहेरचं लिहिलं तर चालेल का? मला लिज्जतच्या सशाची भीती वाटायची. तो खाताना हसायचा तेव्हा मी आजीच्या मागे जायचे. पुढे कळलं की तो रामदास पाध्यांचा बाहुला, म्हणजे अर्धवटरावांच्याच घरातला. मग भीती गेली. अर्धवटराव ओळखीचे होते ना.

उलट ओनिडाचा शिंगं-शेपटीवाला सैतान, जो मुद्दाम घाबरवायला होता, तो अजिबात भीतिदायक वाटला नाही. आम्ही भावंडं त्याची नक्कल करायचो.

आणि दूरदर्शनचं बोधचिन्ह! ते दोन तुकडे गोल गोल फिरत जवळ येतात आणि मागे ते संथ सूर. दुपारी घरात एकटं असताना ते लागलं की मी बाल्कनीत जाऊन उभी राहायचे.

टिवल्याबावल्या

दूरदर्शनच्या त्या सुरांना +१०००. 'व्यत्यय'ची पाटी त्यापेक्षा प्रेमळ वाटायची.

मुक्काम_बोरिवली

सांजवातताई, तुमचा मुद्दा विषयाला धरूनच आहे. घाबरवायला आलेला घाबरवत नाही, हसवायला आलेला घाबरवतो.

विलायती_वऱ्हाडी

त्यावरून इंग्लंडातलं सांगतो. इथे ऑल्टन टॉवर्स नावाचं मोठं पार्क आहे. त्यांच्या जाहिरातींना वर्षानुवर्षं ग्रीग या संगीतकाराची ती पर्वतराजाच्या दरबाराची धून. हळूहळू सुरू होते, मग वेग वाढतो, वाढतो, आणि शेवटी धबडगा. मूळ प्रसंगात ते ट्रोल म्हणजे राक्षसमंडळी नायकाच्या मागे लागलेली असतात. म्हणजे भीती हे इथे उघड उघड विकायचं सामान. त्यामुळे भीती वाटते पण बिनसल्यासारखं वाटत नाही. दार ठोठावून आलेली भीती आहे ती.

2013 मध्ये त्यांनी स्मायलर नावाचा रोलर कोस्टर काढला, माणसाला 14 वेळा उलटं करणारा, जागतिक विक्रम. त्याची सगळी जाहिरात सक्तीच्या हसण्यावर, माणसांना धरून 'दुरुस्त' करून हसतं करणारी कुणी संस्था असल्यासारखी. मुद्दाम अस्वस्थ करणारी. आवडली होती मला. मग 2 जून 2015 ला त्याच राइडवर माणसांनी भरलेला डबा रुळावर उभ्या रिकाम्या डब्यावर आदळला. दोन तरुण मुलींना पाय गमवावे लागले. कंपनीला पुढच्या वर्षी 50 लाख पौंड दंड झाला. त्यानंतर ती पिवळ्या हसऱ्या तोंडाची जाहिरात पाहिली की नॉर्थजर्सीकर म्हणतात तसंच होतं.

चष्मिष

हे पटतं. पण मग तो अपघाताचा परिणाम झाला, जाहिरातीचा नव्हे. ज्या पार्कात काहीही वाईट घडलं नाही त्याची जाहिरात दाखवा आणि सांगा की ती भीतिदायक आहे. मग मानेन.

एडिटटेबल

मी दाखवत नाही, पण आत काय चालायचं ते सांगतो. नव्वदच्या दशकात जाहिरातपटांच्या एडिटिंगमध्ये होतो. कुठल्या पार्कचं काम ते सांगत नाही, तीनचार ठिकाणची सरमिसळ समजा.

पहिलं म्हणजे शूटिंग पार्क उघडायच्या आधी. पहाटे युनिट आत, साडेनऊ-दहाला गर्दी सुरू व्हायच्या आत उरकायचं. माणसं मोजकी, आणलेली. तीच तीस-चाळीस माणसं प्रत्येक राइडवर फिरवायची, शर्ट बदलून. कॅमेऱ्याच्या चौकटीत पुढे सहा मुलं हसतायत आणि मागे लांबपर्यंत रिकामे रस्ते, रिकामी बाकं, फिरणारा पण रिकामा पाळणा. तुमच्या डोळ्यांना हे दिसतं, लक्षात येत नाही. मे महिन्यातलं पार्क ज्यानं पाहिलंय त्याला ठाऊक आहे की तिथे बाकावर पिशवी ठेवायलाही जागा नसते. जाहिरातीतलं पार्क म्हणजे कुणीतरी रिकामं करून घेतलेलं गाव वाटतं, ते यामुळे.

दुसरं, वेग. राइड कॅमेऱ्यात नेहमी मंद दिसते. मग सेकंदाला 16 फ्रेम घ्यायच्या आणि 24 च्या गतीनं चालवायच्या, की पाळणा दीडपट पळतो. पण पाळण्यात माणसंही असतात! त्यांचे हात, माना, पापण्या, सगळं दीडपट. केस वाऱ्यावर उडतात ते झटके दिल्यासारखे. जुन्या जाहिरातींत माणसं चावीवर चालल्यासारखी हलतात त्याचं कारण हे.

तिसरं, हसणं. जागेवरचा आवाज वापरण्यासारखा नसायचा, जनरेटर आणि राइडची मोटर. मग डबिंग स्टुडिओ. खारच्या एका तळघरात एसी फुल्ल करून सात-आठ पोरं माइकभोवती गोल उभी केलेली मला आठवतात. काचेपलीकडे दिग्दर्शक माकडचाळे करतोय. पहिल्या टेकला पोरं खरी हसली, पण साउंडवाल्यानं आवाज फाटला म्हणून टेक रद्द केला. पुढे सारखं "अजून जोरात, अजून जोरात". शेवटी एक मुलगी हसता हसता रडायला लागली. तिला बाहेर नेलं, पार्ले-जी दिलं. आणि जो टेक वापरला तो तिचाच. कारण त्यात, दिग्दर्शकाच्या शब्दांत, "जान" होती. पुढे ते हसणं आमच्या स्टॉकमध्ये राहिलं आणि निदान दोन दुसऱ्या जाहिरातींत गेलं.

चष्मिष, कुठलाही अपघात नाही.

सांजवात

बापरे. पार्ले-जी.

चष्मिष

रिकाम्या रस्त्यांचा मुद्दा जबरदस्त आहे. आत्ता दोन जाहिराती लावून मागे बघितलं. दोन्हींत कुणीही नाही. एकीत लांब एक माळी उभा आहे आणि तो कॅमेऱ्याकडे बघतोय.

टिवल्याबावल्या

लिंक द्या त्या माळ्याची. आज रात्री झोप नकोच आहे.

मिसिसागाची_मावशी

उशिरा आले. ऑन्टारियोत राहून मरीनलँडचं गाणं माहीत नाही असा माणूस मला भेटलेला नाही. नायगराच्या धबधब्यापासून जवळ, 1961 मध्ये सुरू झालेलं पार्क. सगळ्यांना मरीनलँड आवडतं, अशा अर्थाचं ते गाणं, उन्हाळाभर टीव्हीवर. माझी मुलं आधी ते शिकली आणि मग कॅनडाचं राष्ट्रगीत. जाहिरातीत मुलं पाण्याच्या काठाशी, देवमासे डोकं वर काढतायत, हात लावू देतायत. भारतातून कुणीही पाहुणे आले की नायगरा दाखवायचा, आणि मुलं गाडीतच सुरू करायची. धबधब्यापाशी उभे असूनही त्यांचं गाणं मरीनलँडचंच!

आता ते मला ऐकवत नाही. तिथे किस्का नावाची ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, होती. 1979 मध्ये आइसलँडच्या समुद्रातून पकडलेली. 2011 पासून ती टाकीत एकटी. तिची पिल्लं आधीच गेलेली. लोकांनी काढलेले व्हिडिओ आहेत, ती त्याच टाकीत गोल गोल फिरतेय किंवा नुसती तरंगतेय. 2019 मध्ये कॅनडात देवमासे-डॉल्फिन बंदिवासात ठेवण्यावर बंदीचा कायदा झाला, पण आधीपासून असलेल्यांना तो लागू नव्हता. मार्च 2023 मध्ये किस्का गेली. देशातली बंदिवासातली ती शेवटची ऑर्का.

त्या जाहिरातीत पडदा खराब नाही, रस्ते रिकामे नाहीत, काही नाही. चांगली चकचकीत जाहिरात आहे. चष्मिष, तुम्ही म्हणाल हाही नंतर कळल्याचा परिणाम. पण अहो, तो मासा तेव्हाही टाकीतच होता.

नॉर्थजर्सीकर

मावशी, शेवटच्या वाक्याला दंडवत.

कलम_कसाई

माझ्या धंद्यातलं थोडं. मावशींच्या शेजारच्या क्वेबेक प्रांतात 1980 पासून 13 वर्षांखालच्या मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायलाच बंदी आहे. ऑन्टारियोत नाही. म्हणजे एका बाजूच्या पोरांना गाणं पाठ आणि पलीकडच्यांना तसं पाठ करवणंच बेकायदा. त्याच सुमारास, 1978 मध्ये, अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशननंही लहान मुलांच्या जाहिरातींवर बंधनं आणायचा घाट घातला होता. उद्योगांनी असा काही गदारोळ केला की संसदेनं 1980 मध्ये कमिशनचेच पंख छाटले.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जून 2022 मध्ये आली. मुलांना थेट खरेदीसाठी चिथावणारी किंवा आईबापांकडे हट्ट धरायला लावणारी जाहिरात नको, असं त्यात आहे. थीम पार्कची जाहिरात मुळात दुसरं काय करते? मुलाच्या खिशात पैसा नाही, मूल एकटं जाऊ शकत नाही. जाहिरातीचा पत्ता मुलाचा आणि बिल बापाचं. मधला टपालखर्च म्हणजे हट्ट.

मुक्काम_बोरिवली

2022 मध्ये नियम आला आणि 2022 मध्येच आमचं एस्सेलवर्ल्ड बंद. बाबांना कळवतो. भरतीचं कारण आता सरकारनं राजपत्रात घातलं म्हणून सांगतो.

कलम_कसाई

दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, हे वकील म्हणून नोंदवून ठेवतो.

चष्मिष

सगळं वाचलं. मावशींचा मासा आणि एडिटटेबल यांच्या किश्श्यातली मुलगी, दोन्ही मान्य. तरी थोडं भांडतो. आईबापांवर हट्टाचा भार पडला हे खरं, पण त्या पोरांनाही काहीतरी मिळालं ना? आमच्या घरात "मला हे हवंय" असं उघड म्हणायची पद्धत नव्हती. कपडे मोठ्या भावाचे, पुस्तकं चुलत बहिणीची. टीव्हीवरचं एक पोर बेधडक म्हणतंय की मला घरी यायचं नाही, मला मजा करायचीय. आणि त्याला कुणी फटका देत नाही! आम्हाला ते भारी वाटायचं. आम्ही कधी गेलो नाही, पण गाणं म्हणून घ्यायचो.

सांजवात

हे वाचून माझं मत थोडं हललं. आमच्या चाळीत ते गाणं मुलीच जास्त म्हणायच्या. का ते आता समजतंय.

ऑरेंज_काउंटी_ऑनलाइन

डिस्नीचं कुणीच काढलं नाही? ह्या सगळ्याचा मूळपुरुष तो. 1954 च्या ऑक्टोबरात वॉल्ट डिस्ने स्वतः एबीसी या टीव्ही वाहिनीवर दर आठवड्याला यायला लागला. कार्यक्रमाचं नावच 'डिस्नेलँड', आणि तेव्हा पार्क बांधून व्हायचं होतं. पार्कात एबीसीचा पैसा, आणि एबीसीवर पार्कचा कार्यक्रम. लोक जाहिरात बघतोय असं न समजता तासभर जाहिरात बघायचे.

17 जुलै 1955 ला उद्घाटनाचं थेट प्रक्षेपण झालं. निवेदकांत रोनाल्ड रेगनही होते, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. बोलावले होते त्याच्या जवळपास दुप्पट लोक आले, कित्येक खोट्या तिकिटांवर. प्लंबरांच्या संपामुळे पाण्याच्या बऱ्याच तोट्या कोरड्या. नुकतंच टाकलेलं डांबर उन्हात मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतत होत्या. टीव्हीवर मात्र सगळे हसरे. ते प्रक्षेपण आज बघायला मिळतं. मी ते बघताना फक्त बायकांच्या पायांकडे बघतो. बायको विचारते काय चाललंय.

भोचक_भवानी

बायकोचा प्रश्न रास्त आहे.

जुनाट_अँटेना

मिस्टर सिक्सचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. 2005 मध्ये कंपनीचा ताबा नव्या लोकांकडे गेला आणि त्यांनी पहिल्या झटक्यात म्हाताऱ्याला काढून टाकलं. 2009 मध्ये परत आणला. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. दोष म्हाताऱ्याचा नाही, डोक्यावर कर्जच दोन अब्ज डॉलरच्या वर होतं. पण दिवाळं निघालेल्या पार्कसाठी तो तसाच दात काढून नाचतोय हे मला एडिटटेबल यांच्या रिकाम्या रस्त्यांइतकंच आवडलं.

मूळ प्रश्नाबद्दल: मला वाटतं त्या तेव्हाही तशाच होत्या. मुलांना कळायचंही. मुक्काम_बोरिवली "संध्याकाळी सोडतात ना" म्हणाले, सांजवातताई आजीच्या मागे लपल्या. कळत नव्हतं ते मोठ्यांना, कारण मोठे त्या वेळी पेपर वाचत असायचे.

@केबलवाले_काका, तुमच्याकडे त्या वॉटर पार्कच्या जाहिरातींच्या कॅसेट आहेत का अजून?

केबलवाले_काका

एक खोकं आहे. पांढरी बुरशी धरलीय.

एडिटटेबल

काका, कृपा करून व्हीसीआरमध्ये घालू नका! बुरशी हेडवर बसते आणि मग कॅसेटही जाते, मशीनही जातं. आधी उघडून कोरड्या मऊ कापडानं हळूहळू पुसून घ्यावी लागते, आणि तोंडाला मास्क. मी करून देतो. डोंबिवलीला येतो.

केबलवाले_काका

या की. रविवारी या, जेवायलाच या. पण व्हीसीआर तुमचा आणा. आमच्या व्हीसीआरवर सौभाग्यवतींनी क्रोशाचं कव्हर घालून वर गजाननमहाराज ठेवलेत, तो आता हलणार नाही.

टिवल्याबावल्या

रविवारी मीही येतोय. माळ्याचं कुणी सांगितलं नाही अजून.